टर्कीच्या कापावर कोणते चीज? एका मिळमिळीत जोडीचा इतिहास

लुईव्हिल, केंटकी. साल १९२६. ब्राउन हॉटेलच्या नाचाच्या मेजवानीला रात्री बाराशेहून अधिक पाहुणे जमत. उत्तररात्री नाचून दमलेली ही मंडळी काहीतरी खायला म्हणून टेबलांकडे वळत. हॅम आणि अंडी हा त्या वेळचा ठरलेला बेत. पाहुण्यांना त्याचा कंटाळा आला आहे हे ओळखून फ्रेड श्मिट या मुख्य आचाऱ्याने जाड टोस्टवर भाजलेल्या टर्कीचे काप मांडले. त्यावर चीज घातलेला दाट पांढरा सॉस ओतला आणि वरून येणाऱ्या आचेखाली त्यावर तपकिरी ठिपके उमटेपर्यंत तो तापवला. शेवटी बेकनच्या दोन पट्ट्या आडव्या ठेवल्या. 'हॉट ब्राउन' या नावाने तो पदार्थ आजही त्याच हॉटेलात मिळतो.

हॉटेल आज या पदार्थाची जी कृती देते, तिच्यातील चीज लक्षात घेण्याजोगे आहे. ते आहे पेकोरिनो रोमानो. मेंढीच्या दुधाचे, कडक, खारट, जिभेला चावणारे. आणि टर्कीविषयी सर्वत्र दिला जाणारा सल्ला असा, की मांस सौम्य आहे, तेव्हा चीजही सौम्यच हवे.

हा सल्ला चुकीचा आहे. तो कोठून आला हे पाहिले, तर पाकशास्त्रापेक्षा कारखान्याचाच इतिहास अधिक हाती लागतो. या धाग्याचा विषय तो आहे.

आधी एक मूलभूत गोष्ट. टर्की आणि चीज यांची गाठ मुळात पडायचीच नव्हती. टर्की अमेरिकेची. मेक्सिकोच्या परिसरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाने ती पाळीव केली होती. चीज मात्र जुन्या जगाचे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी जेथे दुभती होती तेथले. अमेरिका खंडात दूध काढण्याजोगे पाळीव जनावरच नव्हते. दक्षिणेत लामा होता, पण त्याचे दूध कोणी काढत नसे. १४९३ साली कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर गाईगुरे अटलांटिक ओलांडून गेली आणि काही वर्षांतच टर्की उलट दिशेने स्पेनला आली. बटाटा, मिरची, टोमॅटो यांची कथा सर्वांना ठाऊक असते. टर्कीवरचे वितळलेले चीज हेही त्याच देवाणघेवाणीचे अपत्य आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

पक्षी इतका परका, की त्याचे गाव कोणते हेच युरोपला कळेना. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवले. तुर्कांनी त्याला 'हिंदी' म्हटले. फ्रेंचांचे 'डँद' हे नावही 'हिंदचा' या अर्थाच्या शब्दांतून आले, आणि डचांचे 'काल्कून' थेट कालिकत बंदरावरून. पोर्तुगीजांनी मात्र खंड तरी बरोबर पकडला. त्यांच्या भाषेत या पक्ष्याचे नाव 'पेरू'. (मराठी माणसाला त्या शब्दाने मीठ-तिखट लावलेली फोड आठवते, ती गोष्ट वेगळी.) मजा अशी, की ज्या हिंदचा म्हणून तो ओळखला गेला, त्या हिंदुस्थानात तो पोहोचल्याची सर्वांत प्रसिद्ध नोंद गोव्याशी निगडित आहे. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या दुर्मीळ वस्तू आणल्या, त्यांत एक टर्की होती. तिच्या मानेचा रंग सरड्यासारखा पालटतो याचे बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नवल केले आणि मन्सूरकडून तिचे चित्र काढून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगिराने तिला चित्रात बसवले. ताटात कशी बसवावी, हा प्रश्न युरोपच्या वाट्याला आला.

मेक्सिकोला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता. तेथे टर्कीचा जुना सोबती मिरची. वाळवलेल्या मिरच्या, बिया, मसाले आणि थोडे कोको वाटून केलेला मोले सॉस टर्कीवर घातला जातो. त्या दाट वाटणातील बियांच्या तेलाने मांसाला स्निग्धता येते आणि तिखटाने चव येते. चीजची उणीव कोणाला भासत नाही. यातून एक सूत्र हाती लागते: टर्कीला सोबती हवा असतो तो तिच्यासारखाच मवाळ असून चालत नाही. तिच्याजवळ जे नाही, ते त्याने आणावे लागते.

टर्कीजवळ काय नसते? छातीच्या मांसात चरबी फार थोडी. भट्टीत पाच-दहा मिनिटे जास्त झाली, की तो काप कापसासारखा कोरडा होतो. चवीत मीठ कमी, आंबटपणा नाही, खमंगपणा फक्त भाजलेल्या कातडीपुरता. चीजचे काम येथे सुरू होते. त्याने स्निग्धता द्यायची, मीठ द्यायचे आणि मुरल्याने येणारा तो खोल, किंचित उग्र स्वाद द्यायचा. सौम्य चीज यांतले पहिले काम करते आणि उरलेल्या दोन कामांच्या वेळी गप्प बसते.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये दोन्ही वस्तू स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या. टर्की तर अक्षरशः. डॅनियल डिफोने ब्रिटन बेटावरील आपल्या प्रवासाचे वर्णन १७२४ ते १७२७ या काळात तीन खंडांत छापले. नॉर्फोक आणि सफोक परगण्यांतून लंडनच्या बाजाराकडे टर्कीचे तांडे चालत येत, हे त्याने नोंदवले आहे. एकेका तांड्यात तीनशे ते हजार पक्षी. एका पुलावरून एका हंगामात असे तीनशे तांडे गेल्याचे त्याला सांगण्यात आले, आणि त्यावरून त्याने दीड लाखांचा हिशेब मांडला. सुगी संपल्यावर निघायचे, वाटेतल्या कापलेल्या शेतांतले सांडलेले धान्य टिपत जायचे. शंभरेक मैल चालून आलेल्या या पक्ष्याचे मांस घट्ट आणि गडद असणार, हे सांगायला वेगळा पुरावा नको. ज्या स्नायूला काम पडते त्याला चव येते, हे गावरान कोंबडी खाणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

त्याच ग्रंथात डिफो स्टिल्टन नावाच्या गावातून जातो, तेथील चीजची ख्याती सांगतो आणि त्याची तुलना पार्मेजानशी करतो. म्हणजे चालत आलेली टर्की आणि बुरशीने पिकलेले उग्र चीज एकाच लेखकाच्या एकाच प्रवासवर्णनात आहेत. ती दोघे तेथे एका ताटात येत नाहीत. पण नंतरच्या इंग्रजी नाताळात आली. आदल्या दिवशीची उरलेली टर्की आणि सणाचे म्हणून आणलेले स्टिल्टन, हा मेळ आजही तेथल्या घरांत जमतो. तो उत्तम मेळ आहे. फक्त स्टिल्टन वाटाण्याएवढ्या तुकड्यांत कुसकरून घालावे, सपाट थर देऊ नये. थर दिला की टर्की कोठे गेली ते शोधावे लागते.

येथून पुढे मात्र दोघांचेही पाय जमिनीवरून सुटले.

पक्ष्याचे प्रथम पाहू. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन पैदासकारांनी टर्कीची छाती वाढवायला घेतली, कारण गिऱ्हाईकाला पांढरे मांस हवे होते. पिसे उपटल्यावर कातडीवर काळे ठिपके राहू नयेत म्हणून पांढऱ्या पिसांची जात पुढे आणली. साठच्या दशकापर्यंत रुंद छातीच्या पांढऱ्या टर्कीने बाजार व्यापला. या नराची छाती इतकी जड असते, की त्याला नैसर्गिक रीतीने समागम करता येत नाही; सगळी पैदास कृत्रिम रेतनाने होते. साडेतीन ते पाच महिन्यांत पक्षी कत्तलीला तयार. चालणे नाही, वय नाही, म्हणून चवही बेताची. टर्की 'मुळात' सौम्य असते असे जे म्हटले जाते, त्यातील बराचसा सौम्यपणा मुळातला नाही. तो अलीकडे घडवलेला आहे.

चीजची गोष्ट याहून जुनी आणि अधिक बोचरी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्क राज्यातील शेतघरांत चीज करणे हे मुख्यतः बायकांचे काम होते. दूध किती कोमट झाले हे हाताने ओळखायचे, वासराच्या जठरातील विकराने ते गोठवायचे, निवळी वेगळी काढायची, गोळा दाबून ठेवायचा आणि पुढे कित्येक महिने रोज उलथायचा. प्रत्येक घराची चव निराळी. काहींची अप्रतिम, काहींची टाकाऊ. १८५१ साली रोम या गावाजवळ जेसी विल्यम्सने शेजारच्या शेतांवरचे दूध एकत्र करून चीजचा कारखाना चालू केला. शतक संपेपर्यंत देशातले बहुतेक चीज कारखान्यांतून येऊ लागले. टाकाऊ चीज कमी झाले हे खरेच. पण अप्रतिम चीजही त्याच वरवंट्याखाली गेले, आणि ज्या हातांना ते येत होते त्यांचे नाव कोठेही राहिले नाही. कारखान्याच्या इतिहासात विल्यम्सचे नाव येते. त्याच्या आधीच्या दोनशे वर्षांतल्या एकाही गवळणीचे येत नाही.

पुढची पायरी स्वित्झर्लंडमधली. १९११ साली थून येथे वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी एमेंटाल चीज सायट्रेट क्षारासह वितळवून, उष्ण देशांत टिकेल असे नवे चीज तयार केले. अमेरिकेत जेम्स क्राफ्टने १९१६ साली आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात त्याच्या डबाबंद चीजला लष्कर हे मोठे गिऱ्हाईक मिळाले. पुढे सायट्रेटबरोबर फॉस्फेट क्षारही वापरात आले. हे क्षार चीजमधील कॅल्शियमला धरून ठेवतात, प्रथिने मोकळी होतात आणि स्निग्धांशाला बिलगतात. म्हणून ते चीज तापवले तरी तेल सुटत नाही, गुळगुळीत वितळते. मुरण्याची वाट पाहणेही उरत नाही. १९५० च्या सुमारास ते कापून, चौकोनी चकत्यांच्या रूपात दुकानांत आले. पावाच्या आकाराचे चीज! तोवर चीजच्या आकाराने पाव कापावा लागे.

आणि आता मुद्द्याची जागा. दुकानात कापून मिळणारी, पाणी मुरवलेली टर्कीची चकती ज्या सोडियम फॉस्फेटमुळे ओलसर राहते, त्याच कुळातले क्षार प्रक्रिया केलेल्या चीजच्या चकतीलाही गुळगुळीत ठेवतात. एका सँडविचमध्ये दोन्ही घातली, की एकाच युक्तीचे दोन अवतार एकमेकांवर ठेवल्यासारखे होते. दोन्ही मऊ, दोन्ही ओलसर, दोन्ही खारट, आणि चावताना कोणती कोणती ते कळू नये अशी. 'सौम्याला सौम्य' हा नियम या जोडीला नंतर चिकटवलेले प्रशस्तिपत्र आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कारखान्याच्या चीजने ते गरिबाच्या डब्यात आणले, ते नासू दिले नाही. त्याला नावे ठेवणे हा पोटभर खाणाऱ्यांचा शौक. त्यात तथ्य आहे. मुंबईच्या फुटपाथवर सँडविचवाला पाव भाजून वरून जे चीज भुरभुर किसतो, तेही प्रक्रिया केलेलेच. या हवामानात शीतपेटीविना टिकणारे दुसरे चीज त्याला परवडणारही नाही. पण त्याचे सँडविच पाहावे: पुदिन्याची झणझणीत चटणी, कांदा, बीट, टोमॅटो, चाट मसाला. चीजकडून तो चवीची अपेक्षाच करत नाही. ते काम त्याने चटणीला दिलेले आहे. टर्कीच्या सँडविचमध्ये अशी चटणी बहुधा नसते. तेथे चीजलाच बोलावे लागते.

मग बोलणारे चीज कोणते? येथे वितळण्याचा प्रश्न आडवा येतो. पनीर तव्यावर कितीही तापवा, वितळत नाही, हे स्वयंपाकघरात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आंबट घालून फाडलेल्या दुधाची प्रथिने एकमेकांना घट्ट धरून बसतात. विकराने गोठवलेले चीज कॅल्शियमच्या दुव्यांनी बांधलेले असते आणि उष्णतेने सैल होते. फार मुरलेले चीज मात्र तापवताच तेल सोडते आणि उरलेला भाग दाणेदार होतो. म्हणून कडक, उग्र चीज कापाच्या रूपात गरम सँडविचमध्ये घालणे ही चूक ठरते. त्यावरचा उपाय क्राफ्टच्या किती तरी आधी घराघरांत होता: पीठ. लोण्यात पीठ परतून, दूध किंवा साय घालून दाट करायचे आणि त्यात किसलेले चीज विरघळवायचे. पिठातील स्टार्च चीजला फुटू देत नाही. फ्रेंच मोर्ने सॉस तो हाच. लुईव्हिलच्या त्या रात्री पेकोरिनोसारखे चीज टर्कीवर गुळगुळीत पसरू शकते, ते या पिठाच्या आधारावर.

त्याच्या मागे एक साधी इंग्रजी परंपराही आहे. टोस्टवर वितळलेले चीज, म्हणजे 'वेल्श रॅबिट', हॅना ग्लासच्या १७४७ च्या पाकग्रंथात आहे, आणि तेही एक नव्हे, स्कॉच, वेल्श, इंग्लिश असे तीन प्रकार. सशाचा त्यात अंशही नाही. ज्याच्या घरी ससा शिजत नाही त्याचा ससा, असा तो खवचट विनोद. टर्कीने पुढे त्या रिकाम्या जागी बसून मान मिळवला.

हॉट ब्राउननंतर आठ वर्षांनी, १९३४ साली, पिट्सबर्गमध्ये फ्रँक ब्लँडीने 'डेव्हनशायर' सँडविच काढले. टोस्ट, बेकन, टर्की, वर सॉस. रचना जवळजवळ तीच. फरक चीजचा. येथे चेडर. दोन्हींमध्ये निवड करायची तर चेडरचे पारडे किंचित जड ठरते, पण एका अटीवर: चेडर किमान वर्षभर मुरलेले हवे. त्याचा आंबूस कडवेपणा टर्कीच्या गोडसर मांसाला जागे करतो. कोवळे चेडर घातले तर डेव्हनशायर म्हणजे निव्वळ लापशी.

रंगाला मात्र भुलू नये. नारिंगी चेडर अधिक 'कडक' असते अशी समजूत आहे. तो रंग शेंद्रीच्या बियांचा. सायविरहित दुधाचे फिके चीज मलईदार दिसावे म्हणून इंग्लंडात सतराव्या शतकापासून रंग देण्याची चाल पडली. चवीचा त्याच्याशी संबंध नाही. शेंद्रीचे झाडही मूळचे अमेरिकेचेच, हा आणखी एक योगायोग.

पास्त्याबरोबर टर्की असेल तर प्रश्न सोपा होतो. इटालियन गायिका लुईझा तेत्राझिनी हिच्या नावाने विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन हॉटेलांत एक पदार्थ रूढ झाला: स्पॅगेटी, अळंबी, सायीचा सॉस आणि वर पार्मेजान. तो पहिल्यांदा कोणी केला यावर सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांचा दावा आहे. १९१० च्या नाताळच्या पूर्वसंध्येला सॅन फ्रान्सिस्कोच्या भर रस्त्यात ती गायली आणि अफाट गर्दीने ते ऐकले, एवढे निश्चित. मूळ पदार्थ कोंबडीचा. सणाची टर्की उरू लागली तशी ती त्यात शिरली आणि आता घरोघरी तिचाच हक्क मानला जातो. पार्मेजानऐवजी मोझरेला घालण्याची अलीकडची चाल मात्र नामंजूर. तारा लांब निघतात, छायाचित्र सुंदर येते, चव येत नाही.

उरला साध्या सँडविचचा प्रश्न, जेथे सॉस नाही, वेळ नाही, फक्त पाव, टर्की आणि चीजचा एक काप. १८८९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्लब सँडविचचा जो पहिला उल्लेख येतो, त्यात टर्की किंवा कोंबडी आणि हॅम आहे, चीज नाहीच. थंड सँडविचमध्ये चांगली भाजलेली, हाताने कापलेली टर्की आणि भरपूर लोणी असेल तर आजही ते न घातलेले बरे. घालायचेच तर ग्रुयेर. ते अनेक महिने मुरते, पण घट्ट असून लवचीक राहते. पातळ कापता येते, गरम केले तर सहसा फुटत नाही, आणि त्याचा भाजलेल्या दाण्यांसारखा स्वाद टर्कीच्या कातडीच्या खमंगपणाला जाऊन मिळतो. एमेंटाल त्याच्याच कुळातले, थोडे गोड, थोडे उथळ. त्यातील भोके प्रोपिऑनिक जिवाणूंनी सोडलेल्या वायूची, आणि तो गोडवाही त्याच जिवाणूंचा. टर्की, हॅम आणि हे 'स्विस' चीज पावात भरून, अंड्याच्या घोळात बुडवून तळलेले 'माँटे क्रिस्टो' सँडविच कॅलिफोर्नियात, विशेषतः डिस्नेलँडमुळे, लोकप्रिय झाले. तेथे एमेंटालचा गोडवा खपून जातो, कारण वरून पिठीसाखर आणि बाजूला मुरंबा असतोच.

ब्रिटनमध्ये नाताळच्या दिवसांत टर्की, ब्री आणि क्रॅनबेरीचे सँडविच सर्वत्र दिसते. ब्री सौम्य, तरी ही जोडी जमते, कारण आंबटपणाचे काम क्रॅनबेरीने उचललेले असते. मुंबईच्या सँडविचमध्ये चटणी करते तेच. मात्र ब्री शीतपेटीतून काढून तासभर बाहेर ठेवलेले हवे. गार ब्रीला खडूची चव येते.

आणि स्टिल्टन घेताना वेष्टनावरचे गाव वाचावे. कायद्याने ते चीज डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांत करता येते. डिफो ज्या स्टिल्टन गावातून गेला, ते त्यांपैकी एकातही नाही. तेथे केलेल्या चीजला स्टिल्टन म्हणता येत नाही.